वर चढणारी ओळ

ओल्या हळदीचा वास आला की मला उलव्याच्या सोसायटीत घातलेला, माझ्या मुलीच्या हळदीचा मांडव आठवतो. सासूबाई पूर्वी गावात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायच्या. गाव विमानतळात गेलं, तरी गावची चाल त्यांनी सोडली नव्हती. शेजारच्या गावात धवल्याची ओळ शेवटी खाली उतरते, आपली वर चढते, असं त्या ठसक्यात सांगायच्या. "आमच्या बाया मिठागरावर गायच्या. पल्याडच्या बांधावर आवाज जायाला नको?" पण नातीचं लग्न ठरलं तेव्हा पक्षाघातानं त्यांची वाचाच गेली होती, म्हणून गाणाऱ्या बायका शेजारच्या गावातून बोलावल्या. पहिलीच ओळ खाली उतरली आणि सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. पुढची ओळ, पुन्हा थाप. "आये, पानी पायजे का?" नणंद धावली. कोणीतरी पंखा त्यांच्याकडे वळवला. त्या मात्र माझ्याकडेच बघत होत्या, कारण मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. मी साताऱ्याची, ती चाल मला ओळखता यायची, गाता यायची नाही. तरी मी तोंड उघडलं, आणि माझीही ओळ खालीच उतरली. त्यांनी हात मांडीवर ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. आता त्या नाहीत. मुलगी माहेरी आली की हळदीचा व्हिडिओ लावते आणि विचारते, "मम्मी, मधेच हे काय वाजतंय गं?" आजी चाल सुधारतेय, मी सांगते. "मग बरोबर चाल कशी आहे?" ती विचारते.