शिंदळ माकुडीच्या पाच कुंड्या

पाचही कुंड्यांत फक्त बोटभर खुंट उरले होते. वरची खोडं कोणीतरी कापून नेली होती. दुपारी तीनला वनखात्याची माणसं ती रोपं न्यायला येणार होती.

बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेचं ग्रीनहाऊस मी सांभाळतो. ती शिंदळ माकुडी होती. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते, जगात इतरत्र कुठेही नाही. 'एन्डेन्जर्ड', म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यातली. आमची रोपं परत कड्यावर लावायची होती.

शेजारच्या बाकावर माकडशिंग. कुळ एकच, रुईचं. पण हे कोरड्या माळावर, बांधावर कुठेही येतं. त्याला कसला धोका नाही, लोक चटणी करून खातात. कोरड्या दिवसांत शिंदळ माकुडीची पानं गळतात, मग दोन्हीकडे नुसत्या हिरव्या कांड्या. हिच्या गोल, त्याच्या चौकोनी.

पाणी घालणाऱ्या सुशीलाअक्कांनी काल माकडशिंगाची चटणी आणली होती. "उद्या आणखी आणा," असं हावरटासारखं मीच म्हणालो होतो. आठवलं आणि मी अक्कांना गाठायला गेटकडे निघालो.

तेवढ्यात संस्थेच्या प्रमुख मॅडमचा फोन. "पॅकिंग झालं?"

"चाललंय, मॅडम."

चक्क खोटं बोललो.

अक्का मूळच्या निपाणीच्या, आता आनेकलहून बसने येतात. हातात डबा घेऊन आल्या. मी गेटवरच गाठलं.

"अक्का, कुंड्यांतलं तुम्ही कापलं?"

"कापलं की."

"चटणीला?"

"चटणीचं आमच्या बांधावरचं, सर. चौकोनी. तुम्हीच शिकवलंय न्हवं?"

त्यांनी मला शेडमागे नेलं. सावलीत, कोरड्या वाळूवर अकरा गोल कांड्या सुकत होत्या. "बुडातनं कुजत आल्ती. तुम्ही काल दुपारनंतर मीटिंगात. थांबले असते तर वरपतुर गेलं असतं. चांगलं तेवढं कापून ठेवलं."

मी जाऊन खुंट दाबला. घाण वास आला, पाणी सुटलं.

"पानं गळल्यावर पाणी सोसत नाही त्याला. बांधावरचंबी तसंच. पण तुमच्या कागदावर आठवड्याला तीनदा लिवलंय."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की दोनदा. कागदावर आहे तसं करा म्हणालात."

माझी मला लाज वाटली. मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"रिपोर्टमध्ये कारण काय लिहिणार?" त्यांनी थंडपणे विचारलं.

"जास्त पाणी. वेळापत्रक माझं."

पाठवणी पुढच्या पावसाळ्यावर गेली. अकरापैकी आठ कांड्यांना मुळं फुटली, तोवर मला नीट झोप नव्हती.

दोन झाडांत फरक काय, हे मी अक्कांना शिकवलं होतं. सारखं काय, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.