भाजे लेणी, मावशीची मांडी आणि बाकीच्यांचे सेल्फी

ही सहल ठरली ती मावशीच्या गुडघ्यांमुळे. शांतामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मळवलीत एका बंगल्याची देखभाल करते. गुडघे पार झिजलेत, ऑपरेशन ठरलंय, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलंय की त्यानंतर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, कधीच. मावशीने ऐकून घेतलं आणि मला फोन केला. "पुनवेला भाज्याला घेऊन चल. स्तूपापुढं मांडी घालून एकदा वंदना म्हनायचीय, शेवटपत्तुर. मागल्या दोन पुनवांना लोकांनी फोटोपायी बसूच दिलं न्हाई."

पौर्णिमा नेमकी रविवारी. म्हणजे झालंच कल्याण! पण मावशीला नाही कोण म्हणणार?

मी आणि संदेश, म्हणजे माझा नवरा, शनिवारी सकाळीच चिंचवडहून निघालो. एक्स्प्रेसवेने गेलात तर उर्शाचा टोल लागतो आणि पोचता लवकर. आम्ही जुन्या हायवेने रमतगमत गेलो. भातकापणी चालू होती, दोन्हीकडे पिवळी शेतं. कामशेतला मिसळ खाल्ली, ठसका लागेल इतकी तिखट, पण झकास. मुक्कामाला तुंगार्लीत घरगुती खोली घेतली. शनिवार-रविवारचे भाव चढे असतात, तेव्हा आधी फोन करूनच जा. तुंगार्लीचा तलाव मात्र कुणालाही फुकट आहे आणि संध्याकाळी तिथे खरंच बरं वाटतं.

दुपारी टायगर पॉइंटला गेलो होतो. समोर एवढी दरी, खाली ढग, आणि झाडून सगळे दरीकडे पाठ करून उभे! माझ्या शेजारी दोघी मैत्रिणी होत्या.

"अगं, दरी येतेय का मागे?"

"दरी जाऊ दे. माझे केस बघ कसे आलेत."

मी काही साधू नाही, एक-दोन फोटो मीही काढले. पण भज्यांची प्लेट कठड्यावर ठेवून तिच्याबरोबर सेल्फी घेणारा माणूस बघितल्यावर मी फोन पर्समध्ये टाकला. त्याची भजी गार झाली, माझी गरम होती, त्यामुळे मी जास्त सुखी होते.

रविवारी सकाळी मळवलीहून मावशीला घेतलं. पांढरी साडी, पिशवीत झेंडूची फुलं. भाजे गावात गाडी लावायला जागा मिळते, पायऱ्यांच्या सुरुवातीला तिकीट काढायचं, रक्कम किरकोळ आहे. पाणी खालूनच घ्या. पायऱ्या चढताना मावशी दर वळणावर थांबायची आणि म्हणायची, "तुमाला दम लागला आसंल, बसा जरा." आम्ही मुकाट्याने बसायचो.

चैत्यगृहासमोर आलं की आपोआप आवाज खाली येतो. निदान माझा तरी आला. वर लाकडाच्या कमानी, किंचित आत कललेले खांब, आणि शेवटी स्तूप. कसलीही नक्षी नाही, कसला तोरा नाही. किती शांत वाटतं ते शब्दांत सांगणं मला जमत नाही.

मावशीने फुलं वाहिली, खांबाला धरून हळूहळू खाली बसली, मांडी जमवली. डोळे मिटले तोच मागून आवाज आला. "मावशी, दोन मिनिटं बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

मावशी उठली. उठताना तिचा चेहरा वेदनेने वाकडा झाला. तो ग्रुप गेला, ती पुन्हा बसली. लगेच दुसरा ग्रुप, कॉलेजची आठ-दहा पोरं-पोरी. "आजी, जरासं..."

माझं डोकंच फिरलं. मी बाह्या सरसावल्या होत्या, पण मावशीने माझा हात दाबला. "तू गप." मग त्यातल्या एका मुलीकडे वळून म्हणाली, "आन गं पोरी फोन, मी काडते तुमचा फोटू."

बंगल्यावर येणारे सगळे पाहुणे आल्याआल्या मावशीच्याच हातात फोन देतात. पंधरा-पंधरा जणांना एका फोटोत बसवायची तिला सवय आहे. तिने पोरांची तोंडं वळवली, उंच पोरं मागे घातली, खटाखट फोटो काढले. पोरं खूश.

मग म्हणाली, "हे तर समदेच काडतात. आता पाठमोरा घेऊ. स्तूपाकडं तोंड करा. मांडी घाला. हात जोडा. हाललं की फोटू बिघडतो, मी सांगेस्तोवर हालायचं न्हाई."

सगळे बसले. खांबांमागचे आणखी चारजण ग्रुप फोटो समजून येऊन बसले. मावशीने फोन जावयाच्या, म्हणजे संदेशच्या हातात दिला, पोरांच्या पुढे जाऊन मांडी घातली आणि वंदना सुरू केली. त्रिसरण, पंचशील, सगळं. त्या दगडी पोटात तिचा बारीक आवाज केवढा भरून राहिला! मीही मागे बसले आणि म्हणू लागले. मला रडू आलं.

मध्येच एका मुलाने मान न वळवता विचारलं, "काढला का?"

"अजून नाही," मी म्हटलं.

वंदना संपली. मग ती फोनवाली मुलगी म्हणाली, "आजी, हे काय होतं?"

"आमची वंदना, बाळा. हितं बसून म्हनत्यात."

"आणि फोटो?"

सगळ्यांनी संदेशकडे बघितलं. त्याने हात जोडलेले, आणि फोन त्याच्या मांडीवर पालथा. पोरं खदखदून हसली. मावशीने भरपाई म्हणून त्यांना आणखी दोन फोटो काढून दिले, आणि मग त्यातल्याच दोघींनी तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

घरी येऊन गॅलरी उघडली तर दरीचे दोन, मिसळीचा एक. स्तूपाचा एकही नाही, म्हणून इथेही लावलेला नाही. तुम्ही जाऊन बघा, आणि गेलात तर आत बसा थोडं.

परवा मावशीला दवाखान्यात भरती केलं. मी विचारलं, भीती वाटते का?

"न्हाई गं. हितनं म्होरं खुर्चीवर बसून म्हनंन वंदना," ती म्हणाली. "मांडी घालून म्हनायची ती झाली."