मामांच्या मापाचा पाइप

माझ्या मामेसासऱ्यांइतका निराश माणूस लालबाग ते गिरगाव या पट्ट्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच, तर तो नुकताच त्यांच्याशी पाच मिनिटं बोलून उठलेला असणार. आमच्या साखरपुड्यात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं, "मुलगा बरा दिसतोय. टिकलं तर बरंच." लग्नाला वीस वर्षं झाली, तरी दारात चप्पल काढताना ते अजून विचारतात, "चाललंय ना अजून?" त्यांची चाळ पाडून टॉवर झाला आणि मामा-मामींना एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा आम्ही पेढे घेऊन गेलो. खिडकीतून सबंध परळ दिसत होतं. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की आम्ही दोघं इथेच संपलो." रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तर ते लॅब बदलतात. पेटीतला पहिला आंबा गोड निघाला तर उरलेल्यांकडे संशयाने बघतात.

मामा एका गिरणीच्या डिझाइन खात्यात होते. ग्राफ पेपरवरच्या बारीक चौकटी एकेक करून रंगवायच्या आणि त्यातून साडीचा काठ उभा करायचा, हे त्यांचं काम. खात्यातले बाकीचे लोक विडी-सिगारेट ओढायचे. मामांनी मात्र पाइप घेतला, कारण पाइप दातांत धरला की दोन्ही हात मोकळे राहतात आणि राख कागदावर पडत नाही. पुढे मामींना दमा निघाला. त्या दिवशी मामांनी तंबाखूचा डबा कचऱ्यात टाकला आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. पाइप तेवढा राहिला, रिकामा. गिरणी बंद पडली, डिझाइनच्या वह्या भंगारात गेल्या, आणि मामा घरी बसून आपले जुने काठ आठवून आठवून पुन्हा काढू लागले. रोज सकाळी दहा ते एक, तिरक्या बोर्डासमोर, तोंडात तो रिकामा पाइप. "कोण बघणार आहे?" असं स्वतःच म्हणायचे आणि पुढची चौकट रंगवायचे.

गेल्या वर्षी मामांना कवळी बसली आणि घात झाला. पाइप चांगला वजनदार होता. दातांत धरला की खालची कवळी उचलली जायची. एका रविवारी आमच्या देखत पाइप आणि कवळी दोघांनी मिळून आमटीच्या वाटीत उडी घेतली. मामा दादरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे तक्रार घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "काका, कवळी जेवायला असते."

"जेवणाचं काय, ते गिळताही येतं," मामा म्हणाले. "काठ कसा काढू ते सांगा."

तेव्हा नवीन पाइप घ्यायचं ठरलं. लहान हवा, हलका हवा, पण घाट मात्र तोच जुना. सरळ दांडी आणि गोल, साधी वाटी. वाकड्या दांडीचं नाव काढलं तरी मामा चिडायचे. "वाकडा पाइप तोंडात धरला की माणूस विचार करण्याचं सोंग करतोय असं वाटतं." त्यांनी हव्या त्या पाइपचं समोरून, बाजूने आणि वरून असं रीतसर ड्रॉइंग काढलं, मिलिमीटरमध्ये मापं टाकली आणि कागद लॅमिनेट करून आणला. मला शनिवारी सुट्टी असते, ही गोष्ट माझ्या बायकोने त्यांना सांगायला नको होती.

त्यानंतरचे माझे सगळे शनिवार पाइपमध्ये गेले. गिरगावात मामांच्या ओळखीचं तंबाखूचं जुनं दुकान होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. "अंकल, वो सब पिताजी के टाइम में था," दुकानदार म्हणाला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पिताजी गेले," आणि आम्ही फूटपाथवर जणू सुतकातच उभे राहिलो. दादरला भेटवस्तूंच्या दुकानात सिंहाच्या तोंडाचा पाइप निघाला. त्याचे डोळे बटण दाबल्यावर पेटत. लालबागला एका पाटीवर 'सर्व प्रकारचे पाइप मिळतील' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "मामा, हे नळाचे." मामा म्हणाले, "माहीत आहे. नाहीच म्हणणार आहेत, पण विचारून घ्या." मी विचारलं. "कितना इंची? पीव्हीसी चलेगा?" मग माझ्या मुलीने ऑनलाइन मागवला. खोका उघडल्यावर त्याची कुंडीएवढी वाटी बघून ती म्हणाली, "आजोबा, यात कोथिंबीर लावता येईल." प्रत्येक नकारानंतर मामा ड्रॉइंग पिशवीत घालायचे आणि समाधानाने म्हणायचे, "म्हटलं नव्हतं?" चौथ्या-पाचव्या शनिवारपर्यंत मीही त्यांच्यासारखाच बोलू लागलो होतो. घरी चहा चांगला झाला तरी मला उद्याच्या दुधाची काळजी वाटायची.

मी हे सगळं सोडूनच देणार होतो. पण एकदा मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "जावईबापू, काय पण करा, पण तो पाइप मिळवा. दहा वाजले की हे बोर्डासमोर जाऊन बसतत आणि एक वाजेपर्यंत नुसते बसतत. कुंचलो ओलो पण करणत नाय. माका बघवणा नाय."

म्हणून मी चौकशी करत करत चिंचपोकळीला एका लहानशा कारखान्यात पोचलो. तिथे एक म्हातारे कारागीर लेथवर लाकडी मुठी काढत होते. मामांना घेऊन गेलो. कारागिरांनी हात पुसले, ड्रॉइंग उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"कोणी काढलं हे?"

"मी," मामा म्हणाले.

"असं ड्रॉइंग बऱ्याच वर्षांनी बघितलं, साहेब. आता लोक मोबाइलवर फोटो दाखवतात."

मामांचा चेहरा क्षणभर उजळला. मी तो तसा कधीच पाहिला नव्हता. लगेच ते सावरले आणि म्हणाले, "तडकणार ते लाकूड."

लाकूड तडकलं नाही. पुढच्या शनिवारी शिसवाचा पाइप तयार होता, इवलासा, सरळ दांडीचा, हातात घेतला तर वजनच कळू नये असा. मामांनी तो दातांत धरला. कवळी जागची हलली नाही. परतताना त्यांनी तो तोंडातून काढलाच नाही, आणि टॅक्सीवाल्याने "साब, अंदर स्मोकिंग नहीं" म्हटल्यावर चक्क हसले.

घरी गेल्या गेल्या मामींनी बोर्डावरचं फडकं काढलं. मामांनी ग्राफ पेपर लावला, लाल रंग कालवला. मामी आणि मी मागे बसलो. त्यांनी चार चौकटी लाल रंगवल्या, दोन पिवळ्या, आणि थांबले. तो कागद काढून दुसरा लावला. त्यावर काहीच उमटलं नाही. चहा निवला. बऱ्याच वेळाने त्यांनी पाइप तोंडातून काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर अलगद ठेवला.

"पाइपचा दोष नव्हता हो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"काठ आठवत नाहीत. कोयरी असायची, तिच्याखाली काहीतरी होतं... दिवाळीच्या आधीपासून जातंय एकेक. म्हटलं, पाइप नाही म्हणून असेल."

नेहमीचा त्यांचा तो रंगात आलेला निराशेचा सूर यात नव्हता. एखाद्याने पत्ता सांगावा तसं ते सांगत होते. येणाऱ्या प्रत्येक संकटाची आयुष्यभर आगाऊ वर्दी देत आलेल्या या माणसाने हे एकच संकट कोणाला सांगितलं नव्हतं. मामींनी पदर तोंडाला लावला. मी पाइप उचलला आणि उगाच फिरवून बघितला.

"मामा," मी म्हटलं, "वाटी जरा मोठी झालीय का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी खणातून पट्टी काढली, चष्मा वर केला आणि माप घेतलं.

"दीड मिलिमीटर."

"मग? चालणार नाही ना असं?"

त्यांनी पट्टी खणात ठेवली. मग म्हणाले, "दुसरा मिळायचा नाही."

"नाहीच मिळायचा."

"शनिवारी चारला तयार राहा. तुम्ही उशीर करता."

आता आम्ही दर शनिवारी निघतो. कधी परळ, कधी गिरगाव, एकदा तर थेट शीव कोळीवाड्यापर्यंत जाऊन आलो. मामा ड्रॉइंग दाखवतात, दुकानदार मान हलवतात, मामा "म्हटलं नव्हतं?" म्हणतात आणि आम्ही कुठेतरी बसून चहा घेतो. अलीकडे ते मला कधी कधी माझ्या मेहुण्याच्या नावाने हाक मारतात. मी ओ देतो. मला आता भीती एवढीच वाटते, की एखाद्या शनिवारी एखादा दुकानदार ड्रॉइंग नीट बघेल, स्टुलावर चढेल आणि वरच्या फळीवरून नेमका तसाच पाइप काढून आमच्यासमोर ठेवेल.