माझ्या नावाने बघू द्या

“बघायचंय ना? मग माझ्या खुर्चीमागे उभी राहा. हात मागे. कशालाही शिवायचं नाही.”

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब असं म्हणाले आणि ऑफिस हसलं. मी उभी राहिले. नाशिकला सातपूरच्या त्या कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने केलेली वेगवेगळी व्हर्च्युअल मशीनं होती. स्टोअरचं वेगळं, हजेरीचं वेगळं, डिस्पॅचचं वेगळं. कोणतं चालू आहे, कोणतं बंद पडलं, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. आणि ते स्क्रीनवर बघायची परवानगीच मला नव्हती. फक्त साहेबांना होती. मशीन बंद-चालू करायचा हक्क मी मागतच नव्हते. नुसतं बघू द्या म्हणत होते. साहेबांनी मनात आणलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत झालं असतं.

“सुरगाण्याहून आलीस. आदिवासी कोट्यातून डिप्लोमा,” ते म्हणायचे. “तुम्हाला खिडकी उघडून दिली की घरभर फिरता.”

काम मात्र माझ्याकडूनच हवं. बाहेर जाताना साहेब स्वतःचा पासवर्ड हळूच सांगायचे. मी त्यांच्या नावाने सगळं सांभाळायचे. परतले की लगेच बदलायचे, जणू माझ्या हाताने तो बाटला. संताप यायचा. गिळायचे. भात-नागलीचं पीक निघालं की माझे आई-बाप जीपमध्ये कोंबून द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचे. मला नोकरी लागली आणि ते थांबलं होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं थांबवून पूजतात. लेथला हळदकुंकू, झेंडूचा हार. साहेबांना हुक्की आली. “आपलीही मशीनं थांबवू. चालू यंत्राची पूजा करतात का कुठे?” पासवर्ड मला सांगितला. “कर सगळी बंद.” मी केली. मग मला सर्व्हर रूमच्या काचेबाहेर काढलं आणि आत पूजा झाली. पेढा दारातूनच माझ्या हातावर टाकला, वरून.

पूजेनंतर साहेबांनी स्वतः मशीनं चालू केली, पासवर्ड बदलला आणि जेवायला गेले. डिस्पॅचचं चालू करायचं विसरले. मला ते दिसणार कुठून? डिस्पॅचचे फोनावर फोन. बिलं निघेनात. मालाचे ट्रक गेटवर अडकले. साहेब मोबाइल उचलेनात. मी काचेतून सर्व्हरकडे बघत राहिले. हार घातलेला, दिवे लुकलुकणारा. बाहेरून सगळं ठीक.

साहेब परतले तेव्हा कारखान्याचे मॅनेजर येऊन उभे होते. साहेबांची जीभ जराही अडखळली नाही.

“हिने बंद केलं, सर. माझा पासवर्ड चोरून.”

चोरून.

“कान धर,” मॅनेजर मला म्हणाले. “सगळ्यांसमोर माफी माग. विषय संपला.”

माझे हात वर गेले. आश्रमशाळेत लागलेली सवय. बोटं कानाला लागली आणि मला माझीच किळस आली. मी हात खाली घेतले.

“नाय धरणार. यांनीच सांगितला पासवर्ड. दर वेळी सांगतात.”

सगळ्यांनी ते बघितलेलं होतं, नेहमीच. सगळे खाली वाकून झेंडूच्या पाकळ्या गोळा करू लागले. मॅनेजरांनी मला त्या दिवसापुरतं घरी हाकललं.

दसरा झाल्यावर कामावर गेले. साहेब माझ्या टेबलाशी आले. आवाज गोड.

“झालं गेलं सोड. नवा पासवर्ड सांगतो. कुणाला बोलू नको.”

“नको. माझ्या नावाने बघू द्या.”

“नाही दिलं तर?”

“तर तुमच्या नावाने मी काही करायची नाय.”

“नोकरी जाईल.”

तेवढ्यात फोन वाजला. स्टोअरवाले विचारत होते, मशीन चालू आहे का. मी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, “मला बघायची परवानगी नाही. साहेबांना विचारा.” पुन्हा वाजला. पुन्हा तेच सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरत गेला, तरी मी थांबले नाही. आई-बापाला पुन्हा बागेवर जावं लागेल, हे मला पुरतं कळत होतं. जातील. मीही जाईन, कात्री घेऊन त्यांच्याबरोबर उन्हात उभी राहीन. पण या माणसाचं नाव लावून एक बटण दाबणार नाही.