पेशकारांचं चालणं

लातुरात आमच्या शेजारी कचेरीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले एक म्हातारे पेशकार राहत. हकिमाने रोज चालायला बजावलं होतं, पण ते ओट्यावरून हलत नसत. "उद्यापासून बघू," म्हणत.

रझाकारांची धास्ती वाढली. माणसं गुपचूप निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडे निघून जाऊ लागली, आणि पेशकार एकाएकी चालायला लागले. भिंतीला हात लावत, धापा टाकत, रोज सकाळी वेशीपर्यंत. ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

"काका, असल्या दिवसांत बाहेर कशाला पडता?" मी एकदा विचारलं.

"पोरगा मला टाकून जायचा न्हाई. माझ्यापायी समदे अडकतील. म्हणून पाय तयार करायलोय."

एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. बरेच दिवस काही कळलं नाही. मग बार्शीहून निरोप आला. वाटेत गाडी मिळाली नव्हती, पण सगळे पोचले होते.