व्हर्ननचा राहिलेला नाच

व्हर्नन थर्टलला कुणी नाणं दाखवलं, की तो आधी चष्मा कपाळावर सरकवायचा, मग खिशातून भिंग काढायचा, आणि भिंग डोळ्याला लागायच्या आतच राजाचं नाव सांगून मोकळा व्हायचा. भिंग आपलं शोभेला. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या त्या कोपऱ्यात धातू शोधायचं मशीन घेऊन शेतं धुंडाळणाऱ्यांचा एक क्लब आहे. पबच्या मागच्या खोलीत मंडळी महिन्यातून एकदा जमतात, आणि ज्याला जे सापडलं ते घेऊन आधी व्हर्ननच्या टेबलाशी येतात.

"तिसरा जॉर्ज, पेनी. आणि घासलंस ना? घासलंसच! तोंडावर दिसतंय तुझ्या. घालवलीस की रे किंमत!"

"हे? हे बटण आहे, राजा. मागची कडी तुटलीय. बायकोला दे, कोटाला लावेल."

व्हर्ननचा जन्म बस डेपोत इंजिनं खोलण्यात गेला. काळी नखं, सरळ बोलणं, आणि डोक्यात मात्र अख्खं राजघराणं. नवीन माणूस क्लबात आला की त्याला पहिला धडा व्हर्ननचा. "तांबं-पितळ जमिनीतून हिरवं होऊन निघतं, चांदी काळी पडते. सोनं मात्र जसं पडलं तसंच वर येतं. तेव्हा मातीतनं पिवळंधमक काही चमकलं, तर मला विचारायला येऊ नकोस. आधी नाच."

नाचाची गोष्ट अशी. सोनं सापडलं की फावडं जमिनीत रोवायचं, त्याच्यावर आपली टोपी अडकवायची आणि भोवती नाचायचं. बाकीच्यांनी मशीनं खाली ठेवून, गोल करून टाळ्या वाजवायच्या. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. भलेभले नाचले. दुसऱ्यांदाच शेतात आलेली एक शिक्षिकाबाई नाचली, तिला तर मशीन बंद कसं करतात तेही येत नव्हतं.

व्हर्नन नाचला नव्हता. एवढी वर्षं झाली, एवढी शेतं तुडवली, पण सोन्याचा कणही नाही. दर वेळी गोलात उभा राहून टाळ्या वाजवायच्या, वर हसायचं, आणि घरी येऊन ग्लेंडाने वाढलेल्या जेवणाला नावं ठेवायची. ग्लेंडा त्याची बायको. नवरा बटाट्यावर घसरला, की आज कुणीतरी नाचलंय हे तिला न विचारता कळायचं.

आता यात भर म्हणून नेव्हिल. ग्लेंडाचा धाकटा भाऊ, टपालातून निवृत्त झालेला, गोल चेहऱ्याचा, सदा हसतमुख. नशीब असं की पबातल्या सोडतीत मांसाची टोपली यालाच लागणार, गावच्या प्रदर्शनात पहिला नंबर याच्याच कांद्यांना. एवढंही चाललं असतं. पण निवृत्त झाल्यावर त्याने टपालाने एक स्वस्तातलं मशीन मागवलं आणि दारात येऊन उभा राहिला. "दाजी, मलाही न्या ना तुमच्याबरोबर!"

बायकोचा भाऊ. नाही म्हणतो कसा?

व्हर्ननने त्याला क्यूबिटच्या शेतात नेलं. चर्चच्या मागचं हे शेत म्हणजे व्हर्ननचा जीव. म्हातारा क्यूबिट कुणाला बांधावर पाय ठेवू देत नसे. कित्येक हिवाळे त्याचा ट्रॅक्टर फुकट दुरुस्त केला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. व्हर्नन तिथे दोरी आखल्यासारखा सरळ पट्ट्यांनी चालायचा, एक वीत जमीन सोडायची नाही. नेव्हिल आपला बागेत आल्यासारखा, इकडे चार पावलं, तिकडे चार, मध्येच पक्ष्याशी गप्पा.

गव्हाची कापणी झाली होती. व्हर्ननला सकाळपासून बाटलीची झाकणं, शिशाचे तुकडे आणि बंदुकीच्या काडतुसाची बुडं मिळाली होती. थर्मास उघडून तो चहा ओतत होता, तोच नेव्हिल आला. तळहातावर मातीच्या ढेकळात काहीतरी.

"दाजी, हे बघा की जरा. बरं दिसतंय."

व्हर्ननने चष्मा कपाळावर सरकवला. भिंग काढायला हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

नखाएवढं, पातळ, पिवळंधमक. आठ पाकळ्यांच्या महिरपीत ढाल. उलटवलं, तर फुलांचा क्रूस आणि चार कोपऱ्यांत सिंह. तिसऱ्या एडवर्डच्या काळातलं पाव नोबल नाणं, सोन्याचं, साडेसहाशे वर्षं मातीत पडलेलं आणि काल पडल्यासारखं ताजं. लिलावात हजार पौंडाला कुणीही उचललं असतं. ते सापडलं कुठे, तर त्याच्या शेतात, त्याने तीनदा चाळलेल्या पट्ट्यात! आणि कुणाला, तर या कांदेवाल्याला!

व्हर्ननच्या अंगाची नुसती आग आग झाली. चहाचा कप हातात होता तो लवंडला, तेही कळलं नाही. आता हा नाचणार. माझ्या शेतात, माझ्यासमोर, ते सुटलेलं पोट हलवत नाचणार, आणि मी टाळ्या वाजवायच्या.

"जेटन," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पितळेची चकती. पूर्वी व्यापारी हिशेब मांडायला वापरायचे. फ्रान्सकडची. माझ्याकडे ट्रेभर आहेत."

बोलून गेला खरा. एवढ्या वर्षांत त्याने राजाचं नाव चुकवलं नव्हतं, खोटं सांगणं तर दूरच.

नेव्हिलने नाण्याकडे पाहिलं, मग व्हर्ननकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हसला. "मग तुम्हीच ठेवा, दाजी. तुमच्या ट्रेमध्ये शोभेल. मी काय करू पितळ घेऊन?" आणि नाणं व्हर्ननच्या हातात ठेवून, शीळ घालत पुन्हा पक्ष्यांकडे गेला.

घरी आल्यावर व्हर्ननने नाणं जेटनच्या ट्रेमध्ये ठेवलं. त्या हिरवट काळपट चकत्यांत ते असं चमकलं, की त्याने घाईने वर रुमाल टाकला. त्या आठवड्यात तो धड जेवला नाही. स्वतःहून दिलंय त्याने, मी काय हिसकावलं? असं एकदा वाटायचं. लगेच वाटायचं, अरे चोरा! आणि सगळ्यात वरताण म्हणजे नेव्हिलवरचा राग काही केल्या उतरेना. सोनं घरात असूनही मत्सर त्याचाच. सापडलं तर त्यालाच होतं ना! जमिनीने दिलं ते त्याला. व्हर्ननला मिळालं ते मेहुण्याकडून.

मग एका सकाळी, नेव्हिलला न कळवता, तो एकटाच क्यूबिटच्या शेतावर गेला. बेत मनाशी पक्का होता. स्वतःच्या पट्ट्यात वीतभर खड्डा केला, नाणं टाकलं, माती लोटली. मग बांधापर्यंत मागे गेला, मशीन चालू केलं आणि नेहमीसारखा सरळ चालत आला. कानात गोड आवाज वाजला. त्याने उकरलं. ढेकूळ फोडलं. पिवळंधमक!

आणि खरं सांगायचं तर छातीत धडधडलंसुद्धा.

त्याने फावडं रोवलं. टोपी अडकवली. पहिला पाय कुठला, हे त्याला पाठ होतं. उजवा पुढे, टाच, गिरकी. दोन फेऱ्या झाल्या. टाळ्या नसलेला तो नाच त्याला स्वतःलाच कसनुसा वाटायला लागला, तोच मागून टाळ्या वाजल्या.

फाटकाशी नेव्हिल. काखोटीला सँडविचचा डबा. "ताईने पाठवलं. तुम्ही डबा विसरलात. थांबलात का, दाजी? चालू द्या की!"

व्हर्नन तसाच उभा राहिला, एक पाय जरा उचललेला. कानशिलं तापली. आणि एकदाचं खरं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हे तेच आहे. तुझंच. जेटन नाही, सोन्याचं आहे. मी खोटं बोललो."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"दाजी, पहिल्या दिवशी शिकवलंत ना तुम्ही. पितळ हिरवं निघतं, सोनं जसंच्या तसं. ते हिरवं होतं का?"

"मग... मग दिलंस कशाला मला, गाढवा?"

नेव्हिलने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "ताई एकदा म्हणाली होती. तुम्ही स्वयंपाकघरात सराव करता म्हणून. ती पडद्याआडून बघते आणि मग बाहेर येऊन रडते. मी म्हटलं, नाचू दे बाबा माणसाला एकदा."

व्हर्नन मटकन खाली बसला, तिथेच, गव्हाच्या खुंटांवर. खुंट टोचत होते तरी उठला नाही. सोडत यालाच, कांदे याचेच, सोनं यालाच, आणि आता मनाचा मोठेपणाही यालाच! माणसाने एखादी तरी गोष्ट दुसऱ्याला ठेवावी की नाही?

"तुझा मला लई राग येतो, नेव्हिल," तो म्हणाला. "आत्तासुद्धा येतोय."

"येऊ दे. सँडविच खाणार का?"

"कुठे सापडलं होतं नेमकं? दाखव. सापडलेल्या वस्तू नोंदवतात त्या म्युझियमच्या बाईंना खरी जागा सांगायला हवी. आणि नाव तुझं. क्लबात उद्या मी सांगेन, मी काय म्हणालो होतो ते."

नेव्हिल कुंपणाकडे चालत गेला आणि एका जागी थांबला. व्हर्नन फावडं घेऊन मागे आला. ते त्याने तिथे जोरात रोवलं. नेव्हिलच्या डोक्यावरची लोकरी टोपी ओढून काढली आणि फावड्याच्या मुठीला अडकवली. नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"नाच."

"अहो, माझा गुडघा..."

"नाच म्हणतो ना! रीत आहे ती. उजवा पाय आधी."

नेव्हिल नाचला. काय तो नाच! ताल नाही, गिरकी नाही, पोट एकीकडे, पाय दुसरीकडे. व्हर्नन आतून जळत होता, आणि त्याने शेवटच्या फेरीपर्यंत टाळ्या वाजवल्या.