थोरलीचं झबलं

दाजींच्या घरी दोघी नांदतात. थोरली अंगणात, धाकटी घरात. थोरली म्हणजे त्यांची जुनी पिकअप. लग्नाच्या आधीपासून घरात आहे, म्हणून थोरली. धाकटी म्हणजे बायको. लग्नानंतर ती घरी आली ती याच पिकअपमध्ये बसून, आणि चढावर गाडी बंद पडल्यावर नव्या नवरीला उतरून मागून धक्का मारावा लागला. त्या दिवसापासून ती गाडीला सवत म्हणते. यात खोटं ते काय?

दाजी हे काही त्यांचं नाव नाही. बायकोचा धाकटा भाऊ समोरच्या घरात राहतो. तो दाजी, दाजी करत दिवसातून दहादा रस्ता ओलांडतो, म्हणून सगळी गल्लीच दाजी म्हणायला लागली. एकदा तर त्यांच्या सासूबाईंच्या तोंडूनही निघून गेलं, आणि मग बिचाऱ्या डोक्यावर पदर ओढून आत गेल्या. तशाच बायको सगळ्यांच्या ताई.

दाजींचा धंदा घरसामान हलवायचा. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, कुणाची कुंडीतली झाडं. आरशाचं कपाट घेऊन खड्ड्यातून जाताना दाजी श्वास रोखून धरतात, जणू त्यानं गाडी हलकी होते. ताई पुढच्या खोलीत शिलाई करतात. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाड्यांची रेक्झिनची बैठक. हात सोन्याचा, पण एक खोड. त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सरला झालरीचं कव्हर, पंख्याला उन्हाळा संपताच पिशवी, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा अंगरखा. त्यांचा भाऊ म्हणतो, "ताईकडे जास्त वेळ बसू नये. माप घेते."

घरात उघडं असं काही राहिलं नव्हतं, एक थोरली सोडून. सवतीला कोण कपडे शिवतं?

पण गेल्या थंडीत गाडी सकाळी लवकर तापेना. काच धुक्यानं भरायची आणि दाजी खोकत खोकत ती फडक्यानं पुसत बसायचे. एके सकाळी बघतात तर ताई इंचटेप घेऊन गाडीच्या नाकाशी वाकलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. तुमचं तुम्ही बघा." पुढच्या आठवड्यात थोरलीच्या तोंडावर जाळीपासून दिव्यांपर्यंत मरून रंगाच्या रेक्झिनचं झबलं चढलं. आत स्पंज, कडेला पांढरी पायपिंग, आणि काढा-घालायला टिचबटणं. दाजींनी त्याच्यावरून एकदा हात फिरवला. मग चष्मा काढून पुसायला लागले.

ताई म्हणाल्या, "उरलेलं रेक्झिन होतं. वाया जात होतं."

थंडीभर गाडी अशी पळाली की विचारू नका. गल्लीचं वळण यायच्या आत इंजिन गरम, हीटर गरम, दाजींचा खोकला गायब. जो भेटेल त्याला ते झबलं दाखवायचे.

मग ऊन तापलं, आणि थोरली उकळायला लागली.

पहिल्यांदा लांबच्या रस्त्यावर बॉनेटच्या फटींतून वाफ आली. दाजींनी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि सावलीत बसून राहिले. गरम रेडिएटरचं झाकण ते कधीच घाईनं उघडत नाहीत. तरुणपणी एकदा उघडलं होतं, त्याचा डाग मनगटावर घड्याळासारखा आहे. निवल्यावर झाकणावर फडकं टाकून, हळूच पिळून पाणी भरलं. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रीचं गॅरेज. तो दाजींचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं थर्मोस्टॅट बदलला. फॅनबेल्ट आवळला. रेडिएटर उलटा धुवून काढला, त्यातून चहासारखं पाणी निघालं. होज पाईप दाबून बघितले, वॉटर पंप तपासला. दर वेळी बॉनेट उघडायचं म्हणजे आधी झबलं काढायचं. दाजी ते स्वतः काढत, घडी घालत आणि सीटवर ठेवत. "तेल लागायला नको. तिचं काम आहे." मग इंजिन सुरू करून दोघं चहा पीत तापमानाच्या काट्याकडे बघत बसायचे. काटा मधोमध, संत माणसासारखा.

"तुझी गाडी म्हणजे डॉक्टरच्या दारात ताप उतरणारं पोर आहे," मिस्त्री म्हणायचा. "आजारी असताना आण की."

"आजारी असताना ती येते का चालत?"

मग दाजी झबलं नीट बटणं लावून घालायचे, लांबच्या खेपेला निघायचे, आणि वाफ.

एकदा ते भर उन्हात दुपारभर माळावर अडकले. घरी आले तेव्हा तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. ताईंनी लिंबूपाणी दिलं आणि ओलं फडकं डोक्यावर ठेवलं. मेहुण्यानं तेवढ्यात बोलून घेतलं.

"दाजी, बास झालं. ती गाडी राहिली नाही आता, बंब झालाय. भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे."

"थोरलीला भंगारात?"

"एक खेप अजून करा," ताई म्हणाल्या. "टेकडीपलीकडच्या नाट्यगृहाचे पडदे पोचवायचेत. त्या खेपेला उकळली, तर मात्र याचं ऐकायचं. मला तुम्ही हवे आहात, ती नसली तरी चालेल."

दाजींनी मान हलवली. शब्द दिला गेला. रात्रभर अंगणाकडची खिडकी त्यांनी उघडी ठेवली, एवढंच.

सकाळी पडदे भरायच्या आधी ते मिस्त्रीकडे गेले. त्यानं पाणी, बेल्ट, सगळं पुन्हा बघितलं, बॉनेट लावलं, आणि झबलं चढवायला हातात घेतलं. घेतलं आणि तसाच उभा राहिला. ते हातात तोललं. गाडीच्या जाळीकडे बघितलं. पुन्हा झबल्याकडे.

"दाजी. हे लावल्यावर रेडिएटरला वारा कुठून लागतो रे?"

दाजींनी वाकून जाळीपुढे हात धरून बघितला.

"मी मूर्ख. तू महामूर्ख. आपण रोज हिचं तोंड उघडून तपासतो आणि तोंड बांधून रस्त्यावर पाठवतो." मिस्त्रीला हसू आवरेना. "थंडीत ठीक होतं. आता या उन्हात? घरी ठेवून दे हे."

"तू तिला सांगायचं नाहीस."

"कुणाला? गाडीला?"

"हिला. इतक्या वर्षांत सवतीसाठी पहिल्यांदा हात उचलला तिनं, तोही शिवायला. आणि त्यानंच गाडी मरत होती म्हणून सांगू? पुन्हा कशालाच कव्हर घालायची नाही ती."

"मग?"

"आता लावतो. पाण्याच्या टाकीच्या वळणावर काढून ठेवीन. येताना पुन्हा लावीन. कोण बघतंय?"

बेत चांगला होता. पण पडदे भरून दाजी निघतात तर ताई डबा घेऊन शेजारच्या सीटवर बसलेल्या.

"तू कुठं?"

"पडदे टांगायला. चुण्या कशा पाडायच्या ते त्यांना काय कळतंय? आणि आज उकळायचीच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत उकळू दे."

टाकीच्या वळणावर दाजींनी गाडी हळू केली. "जरा टायर बघून येतो."

"मीही उतरते, पाय आखडले."

"एवढ्यात?" म्हणत दाजींनी पुन्हा वेग घेतला.

सपाटीवर काटा सरकायला लागला. दाजींनी दोन्ही काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. गरम हवेचा झोत ताईंच्या पायांवर आला.

"अहो, या उन्हात हीटर?"

"इंजिनाची गरमी आपल्याकडे ओढून घेतो. तिला तेवढाच आराम."

"म्हणजे तिचा ताप आपण घ्यायचा?"

"घ्यावा लागतो. थोरली आहे."

टेकडीचा चढ सुरू झाला. दाजी वेग कमी करून, खालच्या गिअरमध्ये, अंडी घेऊन चालल्यासारखे निघाले. काटा लाल रेघेच्या जवळ गेला. दाजींचे ओठ पुटपुटत होते. ताईंच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. त्या पुढे सरकल्या, तर पाठ सीटपासून चर्रकन सुटली.

"शी! रेक्झिनला वाराच लागत नाही. म्हणून तर उन्हाळ्यात मी गिऱ्हाइकांना सांगते, बैठकीला कापड लावा, रेक्झिन नको, जीव घुसमटतो..."

त्या थांबल्या. समोर काचेपलीकडे बॉनेटच्या टोकाला मरून कड आणि पांढरी पायपिंग चमकत होती.

"गाडी थांबवा."

दाजींनी झाडाखाली गाडी घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. पंखा फिरत राहायला हवा होता. ताई उतरून पुढे गेल्या. झबल्यावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. मग एकेक बटण काढायला लागल्या. टिच. टिच. टिच. शेवटचं निघालं तशी गरम हवा त्यांच्या तोंडावर आली आणि पदर उडाला.

त्या परत येऊन बसल्या. दोघंही काट्याकडे बघत राहिली. काटा आधी जागचा हलेना. मग लाल रेघ सोडून, लाजत लाजत, खाली यायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाल्या.

"आज सकाळीच कळलं. मिस्त्रीच्या डोक्यात आलं."

"आणि तरी गप्प बसलात. मी गाडी विकायला लावली असती."

"सांगणार होतो की."

"कधी?"

दाजींनी थोडा विचार केला. "भंगारवाला घेऊन गेल्यावर."

ताईंना असं हसू फुटलं की डब्याचं झाकण निसटून भाजी पदरावर सांडली. दाजी आधी बिचकले, मग त्यांनाही हसू आलं. चढावरून जाणारा एक सायकलवाला उतरून विचारायला लागला, काही मदत हवी का. ताईंनी हातानंच नको म्हटलं, बोलता येईना.

उरलेला चढ थोरली उघड्या तोंडानं चढली. पडदे वेळेत टांगले गेले, चुण्याही ताईंच्या मनासारख्या पडल्या.

परतले तर अंगणाच्या फाटकाशी मेहुणा आणि त्याच्या शेजारी भंगारवाला उभा. मेहुण्यानं आधी बॉनेटकडे बघितलं, वाफ शोधायला.

"ताई, मी यांना बोलावूनच घेतलं. म्हटलं, उगाच..."

"कोण विकतंय?" ताई खाली उतरत म्हणाल्या. "सवत माझी आहे. ठेवायची की काढायची ते मी बघीन. तू तुझ्या घरातलं काय भंगार असेल ते दे यांना. ती सायकल दे, सहा महिने भिंतीला टेकून उभी आहे."

भंगारवाला सायकल घेऊन गेला. मेहुणा अजून त्याबद्दल कुरकुरतो.

दुसऱ्या दिवशी ताईंनी झबल्याच्या मधोमध कात्री घातली. दाजींना बघवेना, ते आत जाऊन बसले. संध्याकाळी बोलावलं तेव्हा जाळीपुढे मोठी खिडकी झाली होती आणि तिच्यावर गुंडाळता येणारा पडदा, वर बांधायला दोन बंद. थंडीत खाली, उन्हात वर.

आता दाजी खेपेला निघाले की शिलाईमशीनच्या आवाजातून हाक येते, "पडदा वर केलात का?"

"केला."

"बघून सांगा."

आणि दाजी उतरून, गाडीपुढे जाऊन, बंद ओढून बघतात.